घरच्या कामाला माइटर सॉ : घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता?

कोकणात घर म्हटले की लाकूड आलेच. दाराच्या चौकटी, खिडकीच्या पट्ट्या, कौलांखालचे वासे आणि रिपा, पडवीतले बाकडे. दर पावसाळ्यानंतर काही ना काही दुरुस्तीला निघतेच. कुठे रीप कुजते, कुठे जाळीची चौकट फुगून बसते. मोठ्या कामाला सुतार मिळतो, पण चार पट्ट्या कापायला मालवणात कुणी लगेच येईल अशी आशा धरता येत नाही. त्यात सुताराचा दोष नाही. दिवसाचे काम सोडून अर्ध्या तासाच्या कामाला येणे त्याला परवडत नाही. म्हणून मग घरात विषय निघतो : आपणच एखादा माइटर सॉ घेऊन टाकावा का?

आम्ही शिक्षकी पेशातले, सुतारकी हा आमचा धंदा नव्हे. पण खडू-फळ्याच्या कामात कोनमापकाशी रोजची ओळख असते, आणि या यंत्राचा सगळा खेळ कोनाचाच आहे.

यंत्र काय करते, काय करत नाही

टेबलावर बसवलेली, गोल पात्याची, विजेवर चालणारी करवत म्हणजे माइटर सॉ. लाकूड मागच्या आडव्या पट्टीला टेकवायचे आणि फिरते पाते वरून खाली आणायचे. खालचे टेबल डावी-उजवीकडे फिरते, तो माइटरचा कोन. पात्यासकट वरचे डोके एका बाजूला कलते, तो बेव्हलचा कोन. दोन्ही कोन एकाच कापात साधतात, म्हणून नाव कंपाउंड माइटर सॉ.

हे यंत्र पट्टी आडवी कापते. फळी लांबीत उभी चिरण्यासाठी ते नाही. ८ बाय ४ फुटांचा प्लायवूडही त्यावर कापता येत नाही. एका फळीतून कोरलेली, बिजागरीसारखी उघडणारी रेहाल करायची असेल तर तिथे पटाशीच लागते. भिंतीवरच्या आयतुल कुर्सीची फ्रेम, पुस्तकांची मांडणी, खिडकीची पट्टी, वाडीच्या कुंपणाच्या पट्ट्या, चपलांचे स्टँड, ही याची खरी कामे.

आधी यादी करा

दुकानात जाण्यापूर्वी कागद घ्या आणि येत्या वर्षभरात घरात किती काप लागतील ते लिहून काढा. दोन-तीन फ्रेमच करायच्या असतील तर यंत्राची गरज नाही. बारीक दातांची हातकरवत आणि माइटर बॉक्स, म्हणजे ४५ आणि ९० अंशांच्या खाचा पाडलेली लाकडी किंवा प्लास्टिकची पन्हळ, एवढ्यात काम भागते. दुसरा मार्ग म्हणजे मापे नीट लिहून पट्ट्या सुताराच्या दुकानातच कापून आणणे. यादी लांबली, घराचे सगळे बीडिंग बदलायचे ठरले किंवा मुलांना या कामाची खरी गोडी लागली, तर मात्र यंत्राचा विचार करावा.

एक सवय मात्र कटाक्षाने टाळावी. टाइल कापायच्या मार्बल कटरला किंवा ग्राइंडरला लाकडाचे पाते लावून काम भागवणे आपल्याकडे सर्रास चालते. ही यंत्रे मिनिटाला १०,००० हून अधिक फेरे घेतात आणि लाकडात पाते अडकले की हातातून उसळतात. लोखंड कापायच्या चॉप सॉलाही लाकडाचे पाते लावू नये. माइटर सॉ साधारण ४,५०० ते ५,००० फेऱ्यांचा असतो, आणि त्याचे आवरण लाकडासाठीच केलेले असते.

कोणता घ्यावा

बॉश, माकिता, डीवॉल्ट या कंपन्यांचे सॉ आपल्या बाजारात मिळतात. नावापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, पात्याचा आकार. १० इंची पाते घराला पुरते. १२ इंची यंत्र जड, पातीही महाग.

दुसरी, डोके सरकते की स्थिर. स्थिर १० इंची सॉ सरळ कापात साधारण साडेपाच इंच रुंदीची पट्टी कापतो. सरकता सॉ १२ इंचांपर्यंत जातो, पण तो बराच महाग असतो, त्याला मागे जागा लागते, आणि त्याच्या दांड्या खाऱ्या हवेत सतत जपाव्या लागतात. आपली यादी चार-पाच इंची पट्ट्यांची असेल तर स्थिर सॉ बरा.

तिसरी, बेव्हल. डोके एकाच बाजूला कलणारा सॉ स्वस्त पडतो. दुसऱ्या बाजूचा काप पट्टी उलटवून घेता येतो.

दुकानात यंत्र चालवून पाहायला मागा. पट्टी ९० अंशांत कापा, एक तुकडा उलटा करून दुसऱ्याला भिडवा. फट दिसली तर चूक दुप्पट होऊन समोर येते, म्हणून ती लगेच ओळखू येते. चार कोपऱ्यांच्या फ्रेमला आठ काप लागतात. प्रत्येक कापात अर्धा अंश चुकला तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट पडते. म्हणून आकड्यांची पट्टी स्पष्ट आहे का, आणि टेबल ०, २२.५ आणि ४५ अंशांवर खटकन बसते का, ते पाहा. बाजूंच्या संख्येने १८० ला भागले की कापाचा कोन मिळतो. चौकोनाला ४५, षटकोनाला ३०, अष्टकोनाला २२.५. मुलांचे गणितही त्यात होऊन जाते. सर्व्हिस सेंटर कुठे आहे आणि मोटरचे कार्बन ब्रश मिळतात का, हेही विचारून घ्या.

पाते, वीज आणि खारी हवा

यंत्रात वाचलेले पैसे पात्यात घाला. सोबत येणारे पाते बहुधा कमी दातांचे असते. फ्रेमच्या स्वच्छ कापाला ६० दातांचे, कार्बाइड टोकांचे पाते घ्या. मधल्या छिद्राचे माप जुळले पाहिजे आणि पात्यावर छापलेले फेरे यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असले पाहिजेत. माडाचे लाकूड पात्याची धार लवकर घालवते. जुन्या घरातले वासे कापण्याआधी त्यांवरून चुंबक फिरवा, कारण एक लपलेला खिळा पात्याचे दात उडवतो.

१,६५० वॅटचा सॉ २३० व्होल्टवर ७ अँपिअरहून अधिक वीज ओढतो. म्हणून त्याला १६ अँपिअरचा मोठा पॉइंट हवा, पंख्या-दिव्याचा ६ अँपिअरचा नाही. एक्स्टेन्शनची वायर जाड आणि आखूड ठेवा. व्होल्टेज पडलेले असेल तेव्हा काम करू नका, कारण वेग उतरतो, पाते अडकते आणि मोटर तापते.

समुद्राची हवा लोखंड खाते. काम झाले की भुसा झाडून टेबलाला आणि पात्याला हलका तेलाचा हात द्यावा आणि यंत्र झाकून कोरड्या जागी ठेवावे. लाकडाचेही तसेच आहे. ओल्या दिवसांत जोडलेली फ्रेम उन्हाळ्यात आकसते आणि कोपरे आतल्या बाजूने उघडतात. म्हणून लाकूड नीट सुकलेले घ्या आणि फ्रेमची कामे पावसाळ्यात काढू नका.

बोटे परत येत नाहीत

हात पात्यापासून किमान सहा इंच दूर असावा. पट्टी क्लॅम्पने आवळावी. पाते पूर्ण वेगात आले की मगच लाकडाला लावावे, आणि काप झाल्यावर पाते थांबेपर्यंत डोके वर उचलू नये. छोटा तुकडा हाताने धरून कापू नये, तो लांब पट्टीतूनच काढावा. दुपट्टा, सैल बाही, बांगड्या, हातमोजे यातले काहीही पात्याजवळ नको. डोळ्यांवर चष्मा, कानांवर आवरण आणि तोंडावर एन-९५ मास्क हवाच. लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवले आहे, म्हणून पडवीत, मोकळ्या हवेत कापा. पाते बदलताना प्लग आधी काढा. बहुतेक यंत्रांत पात्याचा बोल्ट उलट्या आट्याचा असतो, हेही लक्षात असू द्या.

घरात लहान मुले असतील तर काम संपताच डोके खाली करून कुलूप-खिळी लावावी आणि प्लग काढून ठेवावा. चष्मा, मास्क, क्लॅम्प, चांगले पाते आणि वेगळा पॉइंट यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरून हिशेब करा. तेवढे बजेटमध्ये बसत नसेल तर यंत्र आणखी थोडे थांबू शकते. तोपर्यंत हातकरवत आणि माइटर बॉक्स आहेच.