नडगीने मोजलेली लाट

पोर्तुगालच्या नाझारे गावासमोर समुद्राच्या तळाशी एक प्रचंड दरी आहे, खोल टोकाला सुमारे ५,००० मीटर. हिवाळी वादळांच्या लाटा या दरीतून फारशी शक्ती न गमावता किनाऱ्याजवळ पोहोचतात. शेजारच्या उथळ पाण्यातल्या लाटा मंदावतात, वळतात. दोन्ही एकमेकींवर चढल्या की पाण्याचा डोंगर उभा राहतो.

लाट आता कड्यावरचे दीपगृह गिळणार, असे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्यात लबाडी नाही, पण चलाखी आहे. छायाचित्रकार दीपगृहाच्या बराच मागे उभा असतो. इतक्या दुरून पुढच्या-मागच्या वस्तूंमधले अंतर आक्रसल्यासारखे वाटते आणि टेलिफोटो लेन्स नेमका तेवढाच तुकडा मोठा करते.

तरी मोठ्या लाटांवरच्या सर्फिंगचे विक्रम ठरतात ते फोटो आणि व्हिडिओवरूनच. लाटेला टेप कोण लावणार? २०२० मध्ये सर्फर सेबास्टियन श्टॉयटनर नाझारेत ज्या लाटेवरून उतरला, तिची उंची २६.२१ मीटर ठरवताना त्याच्या नडगीची लांबी माप म्हणून धरली गेली. सर्फर वाकलेला असतो, त्यामुळे पूर्ण उंची कामाची नाही; नडगीचे हाड काही वाकत नाही. खरी डोकेदुखी पायथ्याची. सपाट पाणी कुठे संपले आणि लाट कुठे सुरू झाली, यावर अजूनही वाद झडतात.