पवईची २७ माणसं

मी राहतो त्या करंजाडेच्या शेजारी नवी मुंबईचा विमानतळ झाला. त्याच्याजवळ ‘एज्युसिटी’ उभारायची सिडकोची योजना आहे. १४ जून २०२५ रोजी अ‍ॅबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची आयईडी अशा पाच संस्थांना मुंबईत इरादापत्रं दिली गेली. परदेशी विद्यापीठ दारात येणार याचा आनंद आहेच. पण भागीदारी कशाला म्हणायचं, हे समजायला पवईचा इतिहास पाहावा लागतो.

१९५८ साली आयआयटी मुंबई वरळीला, सस्मिराच्या इमारतीत १०० विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाने यंत्रसामग्री दिली. १९५६ ते १९७३ या काळात ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ पाठवले. इमारतींचा व चालू खर्च भारत सरकारने उचलला. मला यात सर्वांत मोलाच्या वाटतात त्या २७ शिष्यवृत्त्या. त्यांवर आपले अध्यापक सोव्हिएत संघात शिकायला गेले. यंत्रं जुनी होतात, पाहुणे परततात; शिकून आलेला अध्यापक मात्र पुढच्या पिढ्या घडवतो.

परदेशी शाखेत पदवी त्यांचीच असते. उलट, यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पात्र भारतीय विद्यापीठ संयुक्त पदवी देऊ शकतं. तिथे दोन्हीकडे किमान ३० टक्के श्रेयांक मिळवावे लागतात. म्हणजे आपल्या अध्यापकालाही उभं राहावं लागतं.

म्हणून नवा करार हाती आला, की मी आधी एवढंच शोधेन : आपले किती अध्यापक तिकडे शिकणार?