कोळशाहून काळा सिल्व्हिया

विजयदुर्ग किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ सिंधुदुर्गातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी त्यांचे नाते सांगतात आणि दरवर्षी त्या तारखेला तिथे हेलियम दिन साजरा होतो. त्याच ग्रहणासाठी मद्रास वेधशाळेचे प्रमुख नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणला गेले होते. सूर्याच्या वर्णपटातली पिवळी रेषा सोडियमच्या जागी नीट बसत नाही, हे टिपणाऱ्यांत तेही होते. हेलियमच्या गोष्टीत मात्र त्यांचे नाव क्वचितच येते.

या पॉगसन यांनी दोन वर्षे आधी, १६ मे १८६६ रोजी, मद्रासहून एक लघुग्रह शोधला होता. त्याचे नाव सिल्व्हिया, क्रमांक ८७. फोटोची सोय नव्हती. रात्रीमागून रात्री दुर्बिणीतले तारे नकाशाशी ताडायचे आणि जागा बदलणारा ठिपका पकडायचा, एवढाच मार्ग.

मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्याच्या बाहेरच्या भागात सिल्व्हिया फिरतो. सूर्याभोवती एका फेरीला त्याला साडेसहा वर्षे लागतात. सरासरी व्यास सुमारे २७० किलोमीटर. मालवणला एक टोक ठेवले तर दुसरे अलिबागच्या जवळपास जाईल. एवढा मोठा असूनही तो अंधूक दिसतो, कारण अंगावर पडलेल्या प्रकाशातला जेमतेम चार-पाच टक्केच तो परत पाठवतो. हा काळेपणा कार्बनी संयुगांचा मानला जातो.

२००१ आणि २००४ मध्ये त्याचे दोन छोटे चंद्र सापडले. दोन चंद्र असलेला हा पहिलाच ज्ञात लघुग्रह. चंद्रांच्या फेऱ्यांवरून त्याचे वजन काढता आले आणि घनता पाण्याच्या दीडपटीहूनही कमी निघाली. अखंड खडक इतका हलका नसतो. छातीवर बोटाने ठोकून डॉक्टर आत हवा आहे की पाणी हे ओळखतात, तसाच हा प्रकार: सिल्व्हियाच्या पोटात पोकळ्या असाव्यात, कदाचित बर्फही.

कार्बनयुक्त दगडांचे कुतूहल का, याचे उत्तर बेन्नू या दुसऱ्या लघुग्रहाने दिले. त्याची सुमारे १२१ ग्रॅम माती २०२३ मध्ये पृथ्वीवर आली. आपल्या प्रथिनांत लागणाऱ्या २० अमिनो आम्लांपैकी १४ तिच्यात सापडली. डीएनए-आरएनएमधले पाचही नत्रयुक्त रेणूही मिळाले. त्यावरून ‘अंतराळात जीव सापडला’ असे मेसेज फिरतात, ते चूक. विटा मिळाल्या, घर नव्हे.

सिल्व्हियाजवळ अजून एकही यान गेलेले नाही. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. पण तो पृथ्वीच्या जवळ असताना किनाऱ्यावरच्या काळोखात आठ इंची दुर्बीण लावली, तर पॉगसन यांना दिसला तसाच ठिपका आजही सापडतो.