घाट, पांदण अन् रोजची ये-जा : टांग न टाकता बसता येणारी इलेक्ट्रिक गाडी घेताना काय पाहाल?

अजिंठा (ता. सिल्लोड) : "ना लायसन्स, ना पासिंग, ना पेट्रोल!" अशी पाटी आता तालुक्याच्या गावी सर्रास दिसते. गाडी देखणी असते, समोर पाय ठेवायला सपाट जागा असते, साडी नेसलेल्या बाईला किंवा गुडघेदुखीच्या माणसाला टांग न टाकता बसता येतं. किंमतही पेट्रोलच्या स्कूटरपेक्षा कमी. पण हीच गाडी डबलसीट घेऊन अजिंठा घाट चढेल का, हे पाटीवर लिहिलेलं नसतं. आपल्या भागात खरा प्रश्न तोच आहे.

आधी गाडीचा प्रकार ओळखा. आपल्याकडे 'इलेक्ट्रिक बाईक' या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली, पायडल असलेली इलेक्ट्रिक सायकल. यात 'लेडीज सायकल' म्हणतो तशी, मधला दांडा खाली उतरलेली फ्रेम मिळते. आता ती पुरुषांनीही बिनधास्त घ्यावी. कॅरिअरवर चाऱ्याचा भारा असला की मागून टांग टाकताच येत नाही, हे ज्याने केलंय त्याला माहीत आहे. दुसरी, पायडल नसलेली कमी वेगाची स्कूटर. पाटीवरची 'ना लायसन्स' वाली ती हीच. तिसरी, आरटीओत नोंदणी होणारी, हिरव्या पाटीवर पांढरे अक्षर असलेली गाडी. तिला लायसन्स, विमा, हेल्मेट सगळं लागतं.

पहिल्या दोन्हींना सूट कशामुळे? मोटार 250 वॅटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल, तर कायद्याने ते 'मोटार वाहन' धरलं जात नाही. पण त्यासाठीही त्या मॉडेलला एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र हवं. दुकानदाराकडे त्याची प्रत मागा. "आहे हो, कंपनीकडे आहे" हे उत्तर चालवून घेऊ नका.

घाटाचा हिशेब

250 वॅट म्हणजे किती, हे समजून घेऊ. दोन माणसं आणि गाडी मिळून वजन साधारण 200 किलो होतं. वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, असा चढ धरा. एवढं वजन या चढावर 25 च्या वेगाने न्यायला सातशे-आठशे वॅटच्या वर ताकद लागते. मोटार सलग देणार 250. म्हणजे गाडी माणसाच्या चालीने सरपटणार, मोटार तापणार आणि मागच्याला उतरावं लागणार. यात गाडीत बिघाड काही नाही, ती या कामासाठी बनलेलीच नाही. गावातल्या गावात, दवाखाना, शाळा, बाजारासाठी ती चांगली आहे.

इलेक्ट्रिक सायकलचं मात्र वेगळं आहे. एकटा माणूस, सायकल हलकी, आणि चढावर पायडल मारून मोटारीला हात देता येतो. तेवढ्यावर तोच चढ बारा-पंधराच्या वेगाने निघतो. वस्तीवरून शाळेला येणाऱ्या मुला-मुलींसाठी, पाच-सात किलोमीटरच्या अंतराला, मला तरी हीच सगळ्यात शहाणपणाची वाटते. बॅटरी संपली तरी ती सायकल असतेच.

आता रोज घाट उतरून टी-पॉइंटला किंवा फर्दापूरला कामाला जाणाऱ्यांचं बघू. लेणी बघायला आलेल्यांच्या खासगी गाड्या टी-पॉइंटलाच थांबतात, पुढे चार किलोमीटर एसटीची बस. त्यामुळे दुकानं, हॉटेल, गाईड सगळ्यांची रोजची धाव टी-पॉइंटपर्यंत. अजिंठा गावातून निघालं की सकाळी उतार आणि संध्याकाळी चढ. म्हणजे बॅटरी भरलेली असते तेव्हा तिची गरज नसते, आणि उतरलेली असते तेव्हा घाट समोर उभा. बऱ्याच गाड्या चार्जिंग कमी झालं की आपोआप ताकदही कमी करतात. म्हणून अशा माणसाने नोंदणीचीच गाडी घ्यावी, आणि परत निघताना निम्मी तरी बॅटरी राहील एवढी मोठी घ्यावी.

उतारावर गाडी स्वतः चार्ज होते असंही सांगतात. काही गाड्यांत थोडं होतं. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर तिच्यात आणखी वीज मावत नाही, आणि मोटारीचा तो रोधही मिळत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो. घाट उतरताना हे ध्यानात ठेवा.

लुना परत आली, पण...

टांग न टाकता बसायची गाडी आपल्याला नवी नाही. 1972 साली पुण्याच्या कायनेटिकने लुना आणली, पुढे एम-80 वर दुधाचे कॅन बांधून कितीतरी संसार उभे राहिले. फेब्रुवारी 2024 मध्ये ई-लुना बाजारात आली. 2 युनिटची बॅटरी, 50 च्या आसपास वेग, एका चार्जमध्ये 110 किलोमीटरचा कंपनीचा दावा, सुरुवातीची किंमत सुमारे सत्तर हजार. समोर पोतं ठेवायला मोकळी जागा आणि चाकं मोठी, हे तिचे गुण. नाव घेतलं म्हणून हीच घ्या असं नाही. पण शेताच्या वाटेसाठी कोणतीही गाडी बघाल तर याच दोन गोष्टी आधी बघा.

चाकाचं कारण सोपं आहे. दहा इंची चाक खड्ड्यात पडतं, सोळा-सतरा इंची चाक त्यावरून निघून जातं. पावसाळ्यात आणखी एक खोड निघते. आपली काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये गच्च बसते आणि चाक फिरेनासं होतं. दोन्हींच्या मध्ये दोन बोटं तरी जागा हवी. शोरूममध्ये बोटं घालून बघा, लाजू नका.

कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरमधून सरळ एक तृतीयांश वजा करा. अजिंठा ते सिल्लोड एका बाजूने तीस-पस्तीस किलोमीटर आहे, जाऊन-येऊन साठ-सत्तर. म्हणजे 100-110 चा दावा असलेली गाडी जेमतेम पुरेल. नवी असताना. दोन-तीन वर्षांनी बॅटरी उतरते, तेव्हा काय? सिल्लोडला दिवसा चार्जिंगची सोय असेल तरच तो हिशेब बसतो.

पैशाचंही असंच. साठ किलोमीटरला पेट्रोलची स्कूटर 135-140 रुपये खाते. इलेक्ट्रिकला दोन-अडीच युनिट लागतात, युनिटला दहा रुपये धरले तरी पंचवीस रुपये. महिन्याला अडीच-तीन हजार वाचले. पण ज्याचं रोजचं फिरणं आठ किलोमीटर आहे, त्याचे वाचणार चारशे रुपये. त्याने कर्ज काढून नवी गाडी घेऊ नये. चालू आहे ती चालवावी.

बॅटरी आणि घरची लाईट

स्वस्त गाडीत लेड अ‍ॅसिड बॅटरी असू शकते. ती जड असते आणि लवकर उतरते. लिथियमच घ्या, त्यातही एलएफपी प्रकारची मिळाली तर आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाला ती जास्त सोसते. नोंदणीच्या गाडीची बॅटरी एआयएस-156 या सुरक्षा नियमात बसते का, ते विचारा. हा नियम आगीच्या घटनांनंतर 2022-23 मध्ये कडक झाला. वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटरची, आणि नंतर नवी बॅटरी केवढ्याला, हे दोन्ही कागदावर लिहून घ्या.

शेतवस्तीवर राहणाऱ्यांनी काढून घरात नेता येणारी बॅटरी बघावी. शेतीच्या फीडरला लाईट पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री, आणि सेल्फ फिरवणाऱ्याला गाडी कधी लावायची कळत नाही. बॅटरी गावात कुणाकडेही चार्ज करता येते. आकड्यावर मात्र लावू नका. व्होल्टेज वर-खाली होऊन चार्जर जातो, आणि अर्थिंग नसतं ते वेगळंच. गाडी उन्हातून आली की अर्धा तास थंड होऊ द्या, मग चार्जिंगला लावा. रात्री घराच्या एकमेव दारात चार्जिंग नको. काही झालं तर बाहेर पडायची वाट तीच असते.

काही ठिकाणी दुकानदारच "वायर काढून देतो, 45 ने पळेल" म्हणतात. तसं केलं की ती गाडी कायद्याने नोंदणी आणि विमा नसलेलं मोटार वाहन ठरते. कुणाला धडक बसली तर भरपाई मालकाच्या खिशातून, म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा जमिनीतून.

पीएम ई-ड्राइव्ह योजनेचं अनुदान सुरू असेल, तर ते नोंदणीच्या पात्र गाडीलाच मिळतं. ते हातात येत नाही, बिलातच वजा होतं. मुदत आणि रक्कम बदलत राहते, म्हणून बिल करायच्या दिवशीच विचारा. बिडकीनला एथरचा कारखाना 2024 मध्ये जाहीर झाला, जिल्ह्याच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट. पण तुमच्या गाडीचं सर्व्हिस सेंटर सिल्लोडला आहे की संभाजीनगरला, हा प्रश्न त्याने सुटत नाही. बंद पडलेली गाडी टेम्पोत घालून न्यायची तर दोन महिन्यांची बचत एका फेरीत जाते.

टेस्ट राइड एकट्याने घेऊ नका. घरात जी बाई किंवा म्हातारं माणूस ती गाडी वापरणार, त्यांना घेऊन जा. दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतात का, मागे बसल्यावर पाय ठेवायला नीट जागा आणि साडी गार्ड आहे का, डबल स्टँडवर गाडी त्यांना स्वतःला लावता येते का, हे त्यांनीच करून बघावं. आणि पुढे गॅसची टाकी किंवा पेंडीचं पोतं ठेवल्यावर हँडल पूर्ण वळतं का, तेही. दुकानदार चढावर डबलसीट चालवून बघू देत नसेल, तर दुसरं दुकान बघा.