पडताळता येणारं माप

सूक्ष्मदर्शकातून टिपलेल्या छायाचित्रात पेशी किती आहेत, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. पण दोन पेशी चिकटल्या असतील तर एक धरायची की दोन? कडेला अर्धवट दिसणारी मोजायची की सोडायची? पुसट डाग ही पेशी की धूळ? इथला निर्णय बदलला की आकडा बदलतो आणि आकड्यापाठोपाठ निष्कर्षही. त्यामुळे मोजणारं सॉफ्टवेअर आत नेमकं काय करतं, हे संशोधकाला दिसायलाच हवं. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत जगभर वापरलं जाणारं ‘इमेजजे’ हे याच कारणासाठी मोलाचं आहे.

त्याचा जन्म अमेरिकेतल्या बेथेस्डाचा. तिथल्या ‘एनआयएच’ या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत काम करणाऱ्या वेन रॅस्बँड यांनी १९८७ मध्ये मॅकिंटॉशसाठी पास्कल भाषेत ‘एनआयएच इमेज’ लिहिलं. ते लोकप्रिय झालं, पण इतर संगणकांवर चालेना. पुढे जावा भाषा आली आणि एकच प्रोग्रॅम निरनिराळ्या संगणकांवर चालवणं शक्य झालं. १९९७ मध्ये रॅस्बँड यांनी जावात नव्यानं लिहिलेलं इमेजजे बाहेर पडलं. सरकारी सेवेतलं काम असल्यामुळे त्यावर कुणाचा स्वामित्वहक्क नाही. कुणीही ते मोफत घ्यावं, आतला कोड वाचावा, हवा तसा बदलावा.

पेशी मोजायच्या तर काम असं चालतं. आठ बिटांच्या करड्या चित्रात प्रत्येक पिक्सेलला ० ते २५५ मधली एक किंमत असते. पेशी कुठल्या किमतीपासून धरायची, ही सीमा आधी ठरवायची. तिला थ्रेशोल्ड म्हणतात. ती थोडी सरकवली तरी पेशी फुगतात किंवा आक्रसतात, काही तर नाहीशाच होतात. मग चिकटलेल्या पेशी सोडवण्यासाठी ‘वॉटरशेड’ची आज्ञा. प्रत्येक पिक्सेल पेशीच्या कडेपासून किती आत आहे, हे प्रोग्रॅम काढतो. जोडपेशीत असे दोन खोल मध्य सापडतात आणि त्यांच्यामधल्या चिंचोळ्या जागी तो रेघ ओढतो. शेवटी मोजणी होते, प्रत्येक पेशीचं क्षेत्रफळ तक्त्यात उतरतं. चित्रातला एक पिक्सेल म्हणजे किती मायक्रॉन, हे आधी सांगितलं नसेल, तर ते क्षेत्रफळ नुसत्या पिक्सेलांत येतं.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो रेकॉर्डर. तो चालू ठेवला की मेनूतून दिलेली आज्ञा आकड्यांसकट एकेका ओळीत लिहिली जाते. त्या ओळींचा मॅक्रो होतो. तोच शंभर चित्रांवर चालवता येतो, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवून तिथेही तीच मोजणी करून बघता येते.

रॅस्बँड यांनी मूळ प्रोग्रॅम आटोपशीर ठेवला आणि बाहेरच्यांसाठी प्लगइनची वाट मोकळी सोडली. ज्याला जे अडलं, त्यानं ते लिहून जोडलं. नव्या आवृत्तीच्या टिपणांत एखादी दुरुस्ती ज्याच्या सूचनेवरून झाली, त्याचे नावानिशी आभार मानलेले दिसतात. वापरणारेच घडवणारे झाले, ते अशा वागणुकीमुळे. पुढे उपयुक्त प्लगइन एकत्र बांधून ‘फिजी’ तयार झालं. दर कंपनीचा सूक्ष्मदर्शक आपापल्या स्वरूपात फाइल लिहितो. त्या वाचण्यासाठी ‘बायो-फॉरमॅट्स’ आलं. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या गटानं इमेजजेच्या नव्या पिढीचं काम हाती घेतलं.

अशा कामाची खरी अडचण निगराणीची असते. फाइलींची स्वरूपं बदलतात, चित्रं अवाढव्य होतात, जावाच्या आवृत्त्या पालटतात. जुना कोड चालता ठेवायला जाणती माणसं सतत लागतात. विज्ञानात श्रेय मात्र शोधनिबंधातून मिळतं. २०१२ मध्ये ‘नेचर मेथड्स’मध्ये फिजीवर आणि ‘एनआयएच इमेज’ ते इमेजजे या पंचवीस वर्षांच्या वाटचालीवर लेख आले, तेव्हा वापरणाऱ्यांना संदर्भ द्यायला ठोस जागा मिळाली. तो संदर्भ देणं हे ऋण मानण्याइतकंच निधी मिळवून देण्याच्याही कामाचं आहे.

म्हणून शोधनिबंधात ‘मोजणी इमेजजेनं केली’ एवढं लिहून थांबू नये. आवृत्तीचा क्रमांक, थ्रेशोल्ड कसा ठरवला ते आणि मॅक्रो सोबत द्यावा. जमलं तर मूळ चित्रंही. सॉफ्टवेअर खुलं असून मोजण्याची रीत झाकलेली राहिली, तर त्या खुलेपणाचा निम्मा उपयोग वाया जातो.