इशारा कुणाच्या टेबलावर थांबतो?

दासगावात एका बाजूला सावित्रीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला लाल मातीचा डोंगर. जुलै 2005 मध्ये तो डोंगर घरांवर आला. दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या महाड तालुक्यातल्या गावांत मिळून दीडशेहून अधिक माणसं गेली. मग 22 जुलै 2021 ला याच तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. कृत्रिम बुद्धिमत्तेने कंपन्या आणि कार्यालयं किती बदलतील, ही चर्चा दासगावपाशी आणून पाहावी. यंत्र किती हुशार आहे, यापेक्षा त्याचं म्हणणं कुणी ऐकायचं आणि ऐकून काय करायचं, हे इथे जास्त महत्त्वाचं ठरतं.

2021 च्या त्या पावसात महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलीमीटर पाऊस झाला. सावित्री तिथेच उगम पावते आणि पोलादपूर, महाड करत दासगावला येते. पण महाबळेश्वर सातारा जिल्ह्यात, पुणे विभागात. दासगाव रायगडात, कोकण विभागात. पाऊस मोजायचा हवामान खात्याने, नदी पाहायची जलसंपदाने, दरडींचा अभ्यास भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा, ज्याने पुराचं पाणी तुंबतं अशी महाडकरांची तक्रार आहे तो दासगावजवळचा भराव कोकण रेल्वेचा, आणि माणसं हलवण्याचा हुकूम महसूलचा. 594 हा आकडा एकच, धनी पाच. साध्या पर्जन्यमापकाचं पाणी सकाळी साडेआठला काचेच्या मापात ओततात, माप डोळ्यांच्या रेषेत धरून पाण्याचा खालचा काठ वाचतात आणि आकडा वहीत मांडतात. आता स्वयंचलित केंद्रं आहेत. गुगलने केंद्रीय जल आयोगाच्या साथीने 2018 मध्ये पाटण्यापासून यंत्राधारित पूर-अंदाज सुरू केला. आकडा धावू लागला. हुकूम मात्र जुन्याच पायऱ्या उतरत गावात येतो.

हे फक्त सरकारी दुखणं नाही. अर्थतज्ज्ञ पॉल डेव्हिड यांनी 1990 मध्ये दाखवलं, की कारखान्यांत वीज आली तरी मालकांनी वाफेच्या काळातले दांडे आणि पट्टे तसेच ठेवले, म्हणून कित्येक वर्षं उत्पादकता फारशी वाढली नाही. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर देऊन शेडची मांडणी बदलली, तेव्हा फरक पडला. महाड एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यालाही हेच लागू आहे. रिॲक्टरचं तापमान बिघडणार हे संगणकाने आधी सांगितलं, पण बॅच थांबवायला पाळीवरच्या ऑपरेटरला साहेबांचा फोन लागत असेल, तर त्या संगणकाचा उपयोग काय?

यावर आक्षेप येतो, की उतरंड जबाबदारीसाठी असते. खोट्या इशाऱ्याने चार वेळा घरं सोडलेली माणसं पाचव्यांदा हलत नाहीत. आक्षेप खरा आहे. घाटातल्या पावसाचा अंदाज आजही चुकतो. म्हणूनच किती पावसाला काय करायचं, हे कोरड्या दिवसांत गावासोबत बसून ठरवायला हवं. चुकीच्या इशाऱ्याचा दोष गावातल्या माणसावर येणार नाही, हेही त्याच कागदावर लिहायला हवं. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, डोंगराला भेग पडली, हे यंत्राआधी वाडीतल्या बाईला दिसतं. तिचा निरोपही त्याच यंत्रणेत नोंदला जावा.

जिल्हा प्रशासनाने पुढच्या जूनआधी दासगावच्या पोलीस पाटलाच्या हाती लेखी आदेश द्यावा: महाबळेश्वरला इतके मिलीमीटर, इथे इतके, की डोंगराखालची घरं रिकामी करा. वरून विचारणा नको.