'मुसळधार' म्हणजे नेमका किती पाऊस?

हवामान खात्याच्या अंदाजातले शब्द वर्णनासाठी वापरलेले नसतात, त्यामागे मोजमाप ठरलेलं आहे. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ, अशा 24 तासांत 64.5 मिलिमीटर पाऊस झाला की तो मुसळधार. 115.6 पासून अति मुसळधार आणि 204.4 च्या वर गेला की अत्यंत मुसळधार. त्याखाली हलका नि मध्यम.

एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. म्हणजे 50 चौरस मीटरच्या गच्चीवर नुसता 'मुसळधार' पाऊस झाला तरी सव्वातीन हजार लिटर पाणी उतरतं. गच्चीचे पाइप तुंबलेले असतील तर ते कुठे जाणार, विचार करा!

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो 'तुरळक ठिकाणी' हा शब्द. लोक त्याचा अर्थ 'थोडासा पाऊस' असा घेतात आणि तिथेच फसतात. त्याचा पावसाच्या जोराशी काही संबंध नाही. जिल्ह्यातल्या फार तर 25 टक्के केंद्रांवर पाऊस, एवढंच तो सांगतो. त्या ठिकाणी मात्र धो धो कोसळू शकतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम 73.

इशाऱ्याच्या रंगांचेही अर्थ असेच ठरलेले आहेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा.

तेव्हा 'तुरळक ठिकाणी अति मुसळधार' असं वाचलंत तर कृपया घाटात सहलीला निघू नका.